मिस्त्रींनी हात ठेवलेलं शेवटचं यंत्र

त्या काळी कोल्हापुरात जुनं यंत्र विकत घ्यायचं तर तीन गोष्टी लागत: पैसे, ट्रक आणि आमचे मिस्त्री. यांतल्या पहिल्या दोन नसल्या तर लोक इकडून तिकडून जुळवून घेत; मिस्त्री नसले तर मात्र सौदाच होत नसे. उद्यमनगरच्या कारखान्यांतल्या निम्म्या लेथ आणि शेपर मशिनी त्यांच्या हाताखालून गेलेल्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्यांचे मालक त्यांना न विचारता यंत्र घेतल्याबद्दल आयुष्यभर पस्तावत होते, असं निदान मिस्त्री स्वतः तरी सांगत. मी त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की आधी हसू येतं. मग पुढचं आठवतं आणि हसू जिथल्या तिथे थांबतं. तरीही लिहितो आहे, कारण जे सांगायचं ते मी सांगायच्या वेळी सांगितलं नाही, आणि ज्यांना सांगायचं ते आता नाहीत.

मिस्त्री आमचे कोण, हे सांगणं अवघड आहे. ते आमचे नोकर नव्हते, भागीदार नव्हते, नातेवाईक तर नव्हतेच. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, यांचं उद्यमनगरात पंपांचे सुटे भाग करायचं छोटं वर्कशॉप होतं. मिस्त्री मंगळवार पेठेतून रोज सकाळी सायकल घेऊन तिथे येत. सायकल घेऊन म्हणजे हातात धरून. तिच्यावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. ती त्यांनी हत्यारांची पिशवी अडकवायला ठेवली होती. त्यांचे वडील गावोगावच्या गुऱ्हाळांतले उसाचे चरक दुरुस्त करत फिरायचे, आणि लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडीत बसून इतके धक्के खाल्ले की आता उरलेलं आयुष्य जमिनीवर पाय टेकूनच काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आमच्याकडे येऊन ते दाराशेजारच्या लाकडी खोक्यावर बसत, सगळ्या मशिनींचा आवाज ऐकत आणि मधूनच एखाद्या कामगाराला बसल्या जागेवरून सांगत, "त्या तिसऱ्या लेथीला तेल दे, कवापास्नं मागतिया." तेल दिलं की खरोखरच तिचा आवाज निवत असे. याबद्दल आप्पा त्यांना दरमहा काहीतरी देत आणि मिस्त्री ते मोजून न घेता खिशात टाकत. माझ्याकडे तंत्रनिकेतनाची पदविका असल्यामुळे ते मला 'इंजिनेर' म्हणत. माझ्या शिक्षणाचा मान म्हणून ते तसं म्हणतात अशी पहिली दोन वर्षं माझी समजूत होती.

यंत्र बघायला जायची त्यांची एक रीत होती आणि तीत कानामात्रेचा फरक चालत नसे. पहिली गोष्ट म्हणजे यंत्राकडे बघायचंच नाही. विकणारा मोठ्या उत्साहाने ताडपत्री काढायचा आणि मिस्त्री त्या यंत्राला पाठ करून, ते चालवणाऱ्या कामगाराशी बोलत बसायचे. त्याचं गाव कोणतं, मुली किती, पाठ दुखते का. मला वाटायचं हा सगळा वेळ फुकट चालला आहे. एकदा तसं बोललो तर म्हणाले, "मशिनीला तोंड हाय व्हय रं इंजिनेर? तिच्यावर हुबा ऱ्हातो तो बोलतोय की. ह्येची पाठ उजव्या अंगाला दुकतीया, म्हंजे तिचं चाक जड चालतंय." ते यंत्र आम्ही घेतलं नाही. ज्याने घेतलं त्याने सहा महिन्यांत ते चाक तीनदा उतरवलं.

दुसरी गोष्ट चहाची. विकणाऱ्याने चहा मागवला की मिस्त्री तो बशीत काठोकाठ ओतत आणि ती बशी चालू यंत्राच्या बेडवर, म्हणजे खालच्या सपाट बैठकीवर, ठेवून तिच्याकडे टक लावून बसत. चहा किती आणि कसा थरथरतो, यावरून त्यांना आतल्या बेअरिंगांची सगळी हकीकत कळे. कबनूरला यंत्रमागांचे भाग करणाऱ्या एका माणसाची लेथ बघायला गेलो होतो तेव्हा त्या बिचाऱ्याला वाटलं, पाव्हण्यांना चहा आवडलेला दिसत नाही. त्याने आलं घालून दुसरा मागवला. मिस्त्रींनी तोही बशीत ओतून हातभर पलीकडे ठेवला. मग त्याने नुसत्या दुधाचा मागवला. असं करता करता त्या लेथीवर चार बशा ओळीने उभ्या राहिल्या आणि सगळा कारखाना काम सोडून भोवती जमला. शेवटी मिस्त्री उठले, चारही बशांतला गार चहा शांतपणे प्याले आणि मालकाला म्हणाले, "पावणं, च्या लई बेस हाय. मशीन तेवढी न्हाई."

पण खरी गोष्ट होती ती हाताची. कामगार झाला, चहा झाला, की मिस्त्री डोळे मिटून उजवा तळहात यंत्रावर ठेवत. हात ठेवला म्हणजे यंत्र पसंत. हात न ठेवता मागे फिरले म्हणजे सौदा संपला. एकदा ठेवलेला हात कधी मागे घ्यायचा नाही आणि त्यानंतर यंत्राला नाव ठेवायचं नाही, हा त्यांचा नेम इतका कडक होता की दुसऱ्याच्या कारखान्यात शिरताना ते दोन्ही हात काखेत धरून चालत. चुकून कुठे लागायला नको. पेठ वडगावला एकदा उन्हात चालून आल्यामुळे त्यांना भोवळ आली आणि तोल जाऊन ते एका ग्राइंडिंग मशिनीला टेकले. शुद्धीवर आल्यावर बघतात तर हात मशिनीवर. मालक म्हणत होता, अहो मिस्त्री, ही विकायची नाही. मिस्त्री म्हणत होते, आता काय करता, हात ठेवला. शेवटी ती मशीन त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली. ती पुढे त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत कायमची बसली आणि तिच्या सपाट टेबलावर चाची, म्हणजे त्यांच्या घरच्या, पापड वाळवू लागल्या. "तेवीस वरसं संसार केला, ह्या मानसानं घरात आणलेली ही पैली वस्तू," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

कागदावर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. त्यांना सहीपुरतं लिहिता येत होतं, वाचता येत नव्हतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं. "कागद म्हंजे इकणाऱ्याचंच तोंड," ते म्हणत. "त्यो बोलणार ते त्येच्या सोयीचं. लोकंड तसं बोलत न्हाई." यंत्राबरोबर आलेली पुस्तकं आणि पत्रकं ते आदराने माझ्याकडे देत आणि मी ती आदराने कपाटात ठेवून देत असे. अशी आमची कामाची वाटणी होती.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मला पाच अक्षांच्या यंत्राचं वेड लागलं. आमचं साधं मिलिंग मशीन तीन दिशांना चालायचं: डावीउजवीकडे, पुढेमागे आणि वरखाली. पंपातल्या पंख्याची पाती असतात पीळ दिलेली. त्यांचे साचे आमचे कारागीर कानसीने घासून घासून करत आणि दोन साचे कधी सारखे होत नसत. एका मासिकात मी वाचलं की परदेशात संगणकावर चालणारी मिलिंग यंत्रं आहेत, त्यांत या तीन दिशांखेरीज टेबल गोलही फिरतं आणि कलतंही, आणि असं पीळदार पातं एका दमात कापून निघतं. मी हे आप्पांना समजावून सांगत होतो, कागदावर बाण काढत होतो आणि आप्पांचा चेहरा अधिकाधिक गोंधळत होता. खोक्यावर बसलेल्या मिस्त्रींनी आपला हात पुढे केला, मनगट फिरवलं, मग वाकवलं, आणि म्हणाले, "म्हंजे मशिनीला मनगट हाय म्हणा की." माझ्या पदविकेला जे अर्ध्या तासात जमलं नाही ते त्यांनी सहा शब्दांत सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनाही ते यंत्र बघायचा ध्यास लागला. नव्या यंत्रांना ते तुच्छ मानत, त्यांच्यात बघायचं काय, त्यांवर अजून कुणी चुकाही केलेल्या नाहीत, असं म्हणत. पण मनगट असलेलं यंत्र ही गोष्ट वेगळी होती.

नवं घेणं आम्हाला सात जन्मांत परवडलं नसतं. पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्याने आपलं नऊ वर्षं वापरलेलं असं एक यंत्र विकायला काढलं आहे, हे कळलं तेव्हा मीच आप्पांच्या मागे लागलो. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे लोकांनी उलटं सांगितलं. आप्पा एवढंच म्हणाले, "मिस्त्री हात ठेवू देत, मग बघू."

आम्ही दोघं एस.टी.ने गेलो. त्या कारखान्याच्या शेडमध्ये ते यंत्र उभं होतं. खोलीएवढं मोठं, हिरव्या रंगाचं, शेजारी माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट. मिस्त्री नेमाप्रमाणे त्याला पाठ करून जुन्या ऑपरेटरशी बोलायला गेले. तो साताऱ्याकडचा होता आणि दोन महिन्यांपूर्वी त्याला दुसऱ्या विभागात टाकलं होतं.

"किती वरसं हुबा हुतासा हितं?" मिस्त्रींनी विचारलं.

"नऊ."

"रडवलं का कवा?"

"मशीननं नाही," तो म्हणाला. "सायबांनी."

मिस्त्री हसले. ही खूण चांगली होती. मग त्यांनी चहाची वाट पाहिली, चहा आला, आणि त्यांनी यंत्र दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला ते सुरू करायला सांगितलं. अधिकारी तरुण होता, कडक इस्त्रीचा. तो म्हणाला, वीज तोडली आहे. यंत्र जसं आहे तसं, जिथे आहे तिथे विकायचं आहे. मिस्त्रींच्या हातातली बशी तशीच राहिली. त्यांनी चहा पिऊन टाकला. मग ते यंत्राभोवती हिंडले, सरकणाऱ्या भागांच्या कडा जवळ जाऊन पाहिल्या, वाकून खालून पाहिलं, आणि एका स्टुलावर बसले. खूप वेळ बसले. त्यांचा कान रिकामा होता. त्यांना मी इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "इंजिनेर, कागदात काय लिवलंय?"

माझ्या हातात विक्रीची सात पानं होती, इंग्रजीत. मी ती वाचली होती. पाचव्या पानावर तळाशी एक ओळ होती: दोन फिरत्या अक्षांचे कंट्रोल संच विक्रीतून वगळले आहेत. ती ओळ मी वाचली होती, दोनदा वाचली होती, आणि मला ती कळली नव्हती. संच म्हणजे काय, ते कुठे असतात, त्यांच्यावाचून काय अडतं, हे मला ठाऊक नव्हतं. कदाचित जादा ठेवलेले सुटे भाग असतील, असं मी स्वतःला सांगितलं. समोरच्या त्या इस्त्रीच्या माणसाला विचारणं हा एका मिनिटाचा प्रश्न होता. पण विचारलं असतं तर पदविका घेतलेल्या या माणसाला एवढंही कळत नाही, हे त्याला कळलं असतं. आणि मला ते यंत्र हवं होतं. मी म्हणालो, "काही विशेष नाही मिस्त्री. नेहमीचंच आहे."

ते उठले, डोळे मिटले, आणि त्या हिरव्या लोखंडावर त्यांनी हात ठेवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. परत येताना एस.टी.त मला म्हणाले, "लोकंड लई गुणाचं हाय रं. असलं मी बघितलं न्हवतं."

ते यंत्र आणण्यासाठी आप्पांनी दोन चालत्या लेथ विकल्या. पैशासाठी तर विकल्याच, पण त्याहून जागेसाठी. वर्कशॉपची एक भिंत पाडावी लागली. ट्रेलर उद्यमनगरात शिरला तेव्हा शेजारचे कारखाने बंद ठेवून लोक बघायला आले. मिस्त्री ट्रेलरच्या पुढे सायकल धरून चालत होते, खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा बांबूने उचलायला सांगत होते, आणि ओळखीच्या प्रत्येकाला मनगट फिरवून दाखवत होते. आप्पांनी नारळ फोडला. मिस्त्रींनी ओठांतल्या ओठांत काही म्हणून तळहात चेहऱ्यावरून फिरवले. साखळीचे कप्पे लावून, खाली पाइप सरकवून, सगळ्या गल्लीने हात देऊन ते यंत्र आत नेलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्याइतकी सुखी माणसं कोल्हापुरात नसतील.

ते सुरू करायला बंगळूरहून एक तंत्रज्ञ बोलावला होता. त्याला मराठी येत नव्हतं. त्याने कपाट उघडलं आणि आत बॅटरी मारली. आत ओळीने सर्किटांची कार्डं खोचलेली होती आणि मधे दोन जागा रिकाम्या होत्या, पडलेल्या दातांसारख्या. त्याने इंग्रजीत समजावलं की ही दोन कार्डं मूळ मालकाने आपल्या दुसऱ्या यंत्रासाठी काढून घेतलेली दिसतात. ती नसली तर नुसतं फिरणं बंद राहील असं नाही, सगळं कपाटच जागं होणार नाही. आणि ती बनवणाऱ्यांनी बनवणं कधीच सोडून दिलं आहे. मग त्याने मला सरळ विचारलं, विक्रीच्या कागदात याचा काही उल्लेख नव्हता का?

सगळे भोवती उभे होते. आप्पा होते, कामगार होते, शेजारचे दोघे-तिघे मालक होते. मिस्त्री माझ्या आणि त्याच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना एक शब्द कळत नव्हता. मी इंग्रजीत म्हणालो, नाही, नव्हता.

तंत्रज्ञाने खांदे उडवले. मी मराठीत सगळ्यांना सांगितलं की आतले दोन भाग नाहीत आणि ते मिळणार नाहीत. मग शेजारचा एक मालक, ज्याला मिस्त्रींनी तीन यंत्रं घेऊन दिली होती, हळू आवाजात म्हणाला, "पण मिस्त्रींनी हात ठेवलावता न्हवं?" आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावरून उठून मिस्त्रींच्या हाताकडे गेले. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज मला आजही वाटते. आधीच्या खोट्यापेक्षा जास्त वाटते.

आप्पा मिस्त्रींना एका शब्दाने बोलले नाहीत. लोकांनी मात्र काही शिल्लक ठेवलं नाही. चहाच्या गाड्यावर रोज नवा विनोद निघायचा. कुणी आपली स्कूटर पुढे करून म्हणायचं, "मिस्त्री, हिला जरा हात लावा की, बघू कवा मरतिया." कुणी म्हणायचं, मिस्त्रींचा हात डॉक्टरांनी बघायला पाहिजे. मिस्त्रीही हसायचे आणि म्हणायचे, "आणा की, तुझ्यावरच ठेवतो." पण हळूहळू त्यांनी हात पाठीमागे बांधून चालायला सुरुवात केली. यंत्र बघायला बोलावणारे कमी झाले, मग बंद झाले. एकदा आम्ही दोघं दारात उभे असताना त्यांचं पंधरा वर्षांपासूनचं एक गिऱ्हाईक दुसऱ्याच एका माणसाला घेऊन समोरून गेलं. हातात जुन्या यंत्राच्या विक्रीची जाहिरात होती. त्याने मान फिरवली. मिस्त्री म्हणाले, "घाईत आसंल." मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी आत जाऊन पंखा लावला.

असं करता करता पाच-सहा वर्षं गेली. रोज सांगायचं ठरवत होतो आणि रोज काहीतरी निमित्त सापडत होतं. आधी म्हटलं आप्पांची तब्येत बरी नाही. मग म्हटलं लोक विसरत चालले आहेत, उगाच कशाला उकरायचं. मग म्हटलं, इतक्या उशिरा सांगितलं तर लोक म्हणतील इतके दिवस गप्प का होता. आणि इतके दिवस मिस्त्री रोज सकाळी येऊन त्या मेलेल्या यंत्राला पुसत होते. सरकत्या भागांना तेलाचा हात देत, हाताने टेबल फिरवत, कलवत, परत सरळ करत. पावसाळ्यात आमच्या चालत्या यंत्रांना गंज चढायचा, त्याला कधी चढला नाही. एकदा मी म्हणालो, "राहू द्या की मिस्त्री, कशाला एवढं करता?" ते म्हणाले, "हात ठिवलाय मी तिच्यावर."

आप्पा गेल्यावर मी ते यंत्र भंगार म्हणून वजनावर एका फाउंड्रीला विकलं. ते नेलं त्या दिवशी मिस्त्री आले नाहीत, आणि नंतरही येईनासे झाले. महिन्याभराने फाउंड्रीचा मालक भेटला तेव्हा म्हणाला, "अवो, काय ओतीव लोकंड हुतं ते. घणानं फुटंना. नऊ वरसं राबलेलं म्हणता, पण कडंला पट्टी लावून बघितली तर केसभरबी झीज न्हाई. जीव झाला न्हाई फोडायला." म्हणजे मिस्त्रींचा हात चुकला नव्हता. हाताला जे विचारलं होतं त्याचं त्याने खरं उत्तर दिलं होतं. कागदाला जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी खोटं दिलं होतं. त्या दुपारी मी तडक मंगळवार पेठेत गेलो.

मिस्त्री दारातल्या उजेडात बसून तांदूळ निवडत होते. नजर अधू झाली होती. सुपाकडे न बघता बोटांनीच खडे वेचून बाजूला टाकत होते. चाची आत चुलीपाशी होत्या. मी फाउंड्रीवाल्याचं बोलणं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "सांगत हुतो न्हवं," ते म्हणाले. "लई गुणाचं लोकंड." तेवढ्या आधारावर मी पुढचं बोललो. म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही मला विचारलं होतं कागदात काय आहे. मी सांगितलं काही नाही. ते खोटं होतं. कागदात लिहिलं होतं."

बोटं थांबली.

"काय लिवलं हुतं?"

"ते दोन भाग देणार नाही, असं. पाचव्या पानावर."

ते बराच वेळ सुपात बघत राहिले. मला वाटलं आता शिव्या देतील, किंवा म्हणतील, जाऊ दे पोरा. दोन्हींची माझी तयारी होती. ते म्हणाले, "म्हंजे ज्येला वाचाय येतंय त्येला खुर्चीत बसून कळलं असतं."

त्यांनी वेचून टाकलेले खडे मी बोटाने एकत्र करत राहिलो.

"तितं जायाचीबी गरज न्हवती. हात लावायचीबी न्हवती." त्यांनी आपला तळहात वर करून पाहिला, एखादी अनोळखी वस्तू बघावी तसा. "मग हितनं फुडं सगळी यंत्रं आशीच येणार की रं. हाताला न कळणारी. मग मी इतकी वरसं काय केलं म्हणायचं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच भयंकर होतं. हात एकदा चुकला हे ते पाच-सहा वर्षं सोसत आले होते, आणि सोसू शकत होते. हात नकोच होता, हे मी त्यांना आज आणून दिलं होतं, माझं ओझं हलकं व्हावं म्हणून.

"नाही," मी म्हणालो. "म्हणजे तसं स्पष्ट नव्हतं हो. गोलगोल लिहिलेलं होतं. आता मागचं कळतं म्हणून तसं वाटतं. तेव्हा कुणी साहेबाने वाचलं असतं तरी कळलं नसतं."

"खरं सांगतोयस?"

"खरं."

"बंगळुरावाल्याला कळलं असतं का?"

"त्यालाही नसतं कळलं."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. त्या डोळ्यांना माझा चेहरा किती दिसत होता कोण जाणे. मग खांदे सैल सोडले आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "मग आसं नीट सांग की," ते म्हणाले. "आरं, कागद ग्वालच बोलतोय. त्येचा काय दोष. रोजे हुते त्या वक्ती, परवासात सोडल्याला हुता मी त्यो रोजा, आमची ही नको म्हणत असताना. मन लागलं न्हवतं. त्यात मशीन बंद. आशा वक्ती हात ठिवायचाच नसतो." आणि आत वळून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंस का गं, कागदात कायबी न्हवतं. हातच चुकला हुता."

"चुकणारच," आतून चाची म्हणाल्या. "मानसाचा हात हाय."

"चाळीस वरसांत एकडाव," मिस्त्री म्हणाले, आणि या बोलण्यात इतकं समाधान होतं की मी मान डोलावली. मग त्यांनी मला त्या चाळीस वर्षांतल्या न चुकलेल्या यंत्रांची हकीकत सुरुवातीपासून सांगायला घेतली. त्यांतली बहुतेक मी शंभरदा ऐकलेली होती. चाचींनी चहा दिला. उन्हं दारातून सरकून समोरच्या घरावर गेली तरी ते बोलत होते, बोटं खडे वेचत होती, आणि मी समोर बसून, जिथे जिथे व्हय म्हणायचं तिथे व्हय म्हणत होतो.